मदत हवी आहे : नागपुरातल्या ६०+ वयाच्या 'कारण अज्ञात' मृत्युदराची वर्षावार तुलना कशी करावी?

संत्रानगरी

हाती आहे ती यादी : नागपूर मनपा हद्दीत नोंदलेले २०११ ते २०२३ चे मृत्यू, एका ओळीत एक मृत्यू. रकाने असे : मृत्यूची तारीख, नोंदणीची तारीख, वय, लिंग, मृत्यूचं ठिकाण (घर, दवाखाना, इतर), कायमच्या पत्त्याचा तालुका, कारण जसं लिहिलं तसं, आणि आयसीडी-१० (आजार व मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी) कोड. नावं काढून टाकलेली आहेत.

केलं ते असं : वय ६० आणि पुढे, कोड आर ९९, नोंदणीच्या वर्षानुसार मोजणी. भागिले २०११ च्या जनगणनेतली ६०+ लोकसंख्या (सगळ्या वर्षांना तीच), गुणिले एक लाख. रेघ वर चढते. मार्गदर्शकांनी एवढंच लिहून परत पाठवलं : "अंश चूक, छेद चूक, वर्षही चूक."

तिन्ही कुठे चुकलं आणि दुरुस्ती कोणत्या क्रमाने करायची, हे हवं आहे. एक्सेल येतं, आर हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर जेमतेम.

फॉर्म_चार

अंशापासून सुरुवात करा, कारण तिथलं चुकलं तर पुढचं सगळं गणित वाया.

'कारण अज्ञात' हा एक कोड नाही. आयसीडी-१० मध्ये आर ०० ते आर ९९ हे अख्खं प्रकरण 'लक्षणं, चिन्हं आणि इतरत्र न बसणाऱ्या बाबीं'चं. त्यातले तुमच्या कामाचे चार : आर ५४ म्हणजे वार्धक्य, आर ९६ म्हणजे अचानक मृत्यू, आर ९८ म्हणजे कोणी जवळ नसताना झालेला, कारण न सापडलेला मृत्यू, आणि आर ९९ म्हणजे उरलेलं सगळं अज्ञात. फक्त आर ९९ धरलं की साठीपुढच्या माणसांतला मोठा गठ्ठा निसटतो, कारण घरी गेलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या कागदावर "वृद्धापकाळ" लिहायची आपल्याकडची सवय जुनी आहे.

कोडवर आंधळा विश्वास नको. मूळ मजकुराचा रकाना हाती आहे हे नशीब समजा. "वृद्धापकाळाने", "म्हातारपण" हे आर ५४ ला जायला हवं. "नैसर्गिक मृत्यू" हे कारणच नाही, ते आर ९९. "झोपेत गेले" यावरूनही कारण कळत नाही. "मृतावस्थेत आणले" हे आणलं कसं ते सांगतं, गेले कशाने ते नाही. एका वर्षी एका कारकुनाने "नैसर्गिक"ला आर ५४ दिलं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याने आर ९९, की तुमची आर ९९ ची रेघ उडी मारते. माणसं तीच, कागद तेच.

म्हणून दर वर्षाच्या २०० नोंदी यादृच्छिक निवडा, कोडचा रकाना झाका, मजकूर वाचून स्वतः कोड द्या, मग ताडून पाहा. जुळणी वर्षागणिक बदलत असेल तर सगळ्या तेरा वर्षांना एकाच नियमाने पुन्हा कोड द्यावे लागतील.

आणि तीन व्याख्या समांतर चालवा. अरुंद : आर ९६ ते आर ९९. मधली : त्यात आर ५४ मिळवून. रुंद : त्यात आय ४६ (हृदय बंद पडणे) आणि आर ०९.२ (श्वास बंद पडणे) मिळवून. फॉर्म ४ म्हणजे दवाखान्यातल्या मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र; त्याच्या भाग १ मध्ये (अ) समोर नुसतं "कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट" लिहून खालच्या, मूळ कारणाच्या ओळी कोऱ्या सोडलेले कागद भरपूर भेटतील. मरताना हृदय सगळ्यांचंच थांबतं. ते मरण्याची रीत झाली, मूळ कारण नव्हे. अरुंद व्याख्या उतरते आणि रुंद जागच्या जागी राहते, याचा अर्थ अज्ञान कमी झालं नाही, फक्त त्याचं नाव बदललं.

संत्रानगरी

आर ५४ सरळ गाळला तर? काही शोधनिबंधांत वार्धक्य वेगळं ठेवतात.

फॉर्म_चार

वेगळं ठेवा, गाळू नका. आर ५४ आणि आर ९९ यांच्यात माणसं इकडून तिकडे जात असतात, एक गाळला की ही ये-जा दिसेनाशी होते.

मध्यवर्ष

आता छेद आणि वर्ष. नागपूरचं एक खास दुखणं आहे, ते आधी.

आपल्याकडे मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, माणूस राहतो तिथे नाही. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत छिंदवाडा, बैतुल, सिवनी, बालाघाटपासून गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंतचे रुग्ण येतात. त्यांचे मृत्यू तुमच्या यादीत आहेत, पण छेदातल्या लोकसंख्येत ती माणसं नाहीत. कायमच्या पत्त्याच्या रकान्यावर गाळणी लावा. तिथेही सावध : 'नागपूर' लिहिलं म्हणजे शहर की जिल्हा? कामठी, हिंगणा, काटोलची माणसंही नुसतं 'नागपूर' सांगतात. पत्ता कोरा असलेल्या नोंदी वेगळ्या मोजा. त्यांचं प्रमाण वर्षागणिक हलत असेल तर हिशेब एकदा त्यांना धरून आणि एकदा सोडून करा.

वर्ष मृत्यूच्या तारखेचं घ्या. २१ दिवसांनंतरची नोंद विलंबाची होते, आणि वर्ष उलटल्यावर वारसा-पेन्शनसाठी केलेल्या नोंदीही असतात. तेव्हा कारण विचारलं तर घरचे "म्हातारपण"च सांगणार. नोंदणीचं वर्ष धरलं की जुने अज्ञात मृत्यू नव्या वर्षात येऊन पडतात.

छेद : जनगणनेच्या सी-१४ तक्त्यात पाच-पाच वर्षांचे वयोगट मिळतात. २००१ आणि २०११ दोन्ही काढा. प्रत्येक वयोगटाचा वार्षिक वाढदर म्हणजे दोन्ही संख्यांच्या भागाकाराचा नैसर्गिक लॉग, भागिले १०. मग १ मार्च २०११ पासून त्या-त्या वर्षाच्या १ जुलैपर्यंत पुढे न्या. पूर्ण शहरावर रीत तपासून बघा : २०,५२,०६६ वरून २४,०५,६६५, म्हणजे वर्षाला सुमारे १.५९ टक्के, आणि १ जुलै २०१९ ला साधारण २७.४६ लाख. तुमच्या शीटमध्ये हे येत नसेल तर सूत्रात गडबड आहे. ६०+ गटांचा वाढदर याहून वेगळा निघेल, म्हणून एकूण शहराचा दर त्यांना लावू नका.

पुढे नेलेला छेद हा अंदाजच. तो १० टक्के कमी धरून आणि १० टक्के जास्त धरून हिशेब पुन्हा करा. कमी धरल्यावर दर सुमारे ११ टक्क्यांनी वाढेल. तेवढ्याने निष्कर्ष उलटत असेल तर तो निष्कर्ष छापण्यालायक नव्हता. हुडकेश्वर-नरसाळ्यासारखे नंतर हद्दीत आलेले भाग अंशात आहेत आणि छेदात नाहीत असंही होऊ देऊ नका.

वयोगट पाच वर्षांचे ठेवायचा मोह होईल, पण ६०-६९, ७०-७९, ८०+ एवढेच ठेवा. जनगणनेत वय तोंडी सांगितलेलं, ६०, ६५, ७० वर ढीग लागलेला. मृत्यूच्या नोंदीत वय बऱ्याचदा आधारवरून, आणि त्यात १ जूनच्या जन्मतारखा किती ते एकदा मोजून बघाच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली तारीख शेवटपर्यंत सोबत करते.

वऱ्हाडी_गणित

छेद सुधारला तरी एक घोळ उरतेच, तो आकड्यानं दाखवतो. आकडे मनचे आहेत, नागपूरचे समजू नका.

समजा पहिल्या वर्षी ६०-६९, ७०-७९, ८०+ ची लोकसंख्या १,२०,०००, ६०,००० आणि २०,००० आहे. अज्ञात कारणाचा दर लाखामागं २०, ६० आणि २५०. मृत्यू झाले २४, ३६, ५०, एकूण ११०. ढोबळ दर (एकूण मृत्यू भागिले एकूण लोकसंख्या, गुणिले एक लाख) ५५.

दहा वर्षांनंतर लोकसंख्या १,५०,०००, ८५,००० आणि ३६,०००. वयोगटाचे दर तेच ठेवा, एका काडीनं हलवू नका. मृत्यू ३०, ५१, ९०, एकूण १७१. ढोबळ दर ६३.१!

आता सांगा बाप्पा, वाढलं काय? काहीच नाही. ऐंशीच्या वरचे लोक तेवढे वाढले. तुमची चढती रेघ याच्यातूनही आली असू शकते.

उपाय, प्रमाणित दर, म्हणजे सगळ्या वर्षांना एकाच ठरलेल्या वयरचनेची वजनं लावून काढलेला दर. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाण लोकसंख्येत ६०-६९ चं वजन ६.६८, ७०-७९ चं ३.७३, ८०+ चं १.५४, बेरीज ११.९५. प्रत्येकाला बेरजेनं भागा : ०.५५९, ०.३१२, ०.१२९. दर गुणिले वजन, तिन्हीची बेरीज. वरच्या दोन्ही वर्षांना ६२.१५ येते. एक्सेलमधी एका 'समप्रॉडक्ट'चं काम आहे. पुरुष-बाया वेगळ्या काढा, कारण ८०+ मधी बायांचा वाटा जास्त असते.

संत्रानगरी

हे केल्यावर चढ बराच सपाट झाला. दोन प्रश्न उरले. एक, दराऐवजी 'एकूण मृत्यूंपैकी अज्ञात किती टक्के' हे सोपं नाही का, छेदाची कटकटच नाही? दोन, २०२० आणि २०२१ चं काय करू?

फॉर्म_चार

टक्केवारी काढा, पण सोबत. एकटी ती फसवते. २०२० आणि २०२१ मध्ये एकूण मृत्यू फुगले, त्यात कोविडचे कोड यू ०७.१ आणि यू ०७.२ स्वतंत्र होते. छेद फुगला की अज्ञाताची टक्केवारी आपोआप खाली येते, घरी अज्ञात कारणाने गेलेले प्रत्यक्षात वाढलेले असले तरी. ती दोन वर्षं आलेखात दाखवा, कल काढताना वगळा, आणि २०२१ चे एप्रिल-मे महिनावार वेगळे बघा.

टक्केवारीत दुसरा खड्डा 'कशाच्या टक्के' हा. देशात २०१९ मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी २०.७ टक्के आणि २०२० मध्ये २२.५ टक्क्यांनाच वैद्यकीय प्रमाणपत्र होतं. छेद प्रमाणपत्र असलेल्या मृत्यूंचा की सगळ्या नोंदलेल्या मृत्यूंचा, ते तक्त्याच्या डोक्यावर लिहा. घरच्या मृत्यूंना फॉर्म ४-अ (दवाखान्याबाहेरच्या मृत्यूचं कारण-प्रमाणपत्र) जास्त मिळू लागले की प्रमाणपत्र असलेल्या मृत्यूंमध्ये "वृद्धापकाळ"वाले कागद वाढतात आणि टक्केवारी बिघडल्यासारखी दिसते. खरं तर नोंद सुधारलेली असते. म्हणून मृत्यूच्या ठिकाणाप्रमाणे फोड कराच : घर वेगळं, दवाखाना वेगळा. दवाखान्यातला आर ९९ हा प्रमाणपत्र लिहिणाऱ्याचा प्रश्न, घरातला आर ९९ हा डॉक्टर आलाच नाही याचा. दोन्ही एका रेघेत कोंबले की कोणावर काय उपाय करायचा ते कळत नाही.

शेवटच्या वर्षाचंही बघा. शवविच्छेदनानंतर "मत राखून ठेवले, व्हिसेरा पाठवला" असं असलेली नोंद तोवर आर ९९ मध्येच बसते. अहवाल आल्यावर दुरुस्ती झाली तर ती मागच्या वर्षात होते, त्यामुळे ताजं वर्ष नेहमी जास्त अज्ञात दिसतं. अमेरिकेच्या तात्पुरत्या आकडेवारीतही अलीकडच्या महिन्यांचा आर ९९ याच कारणाने फुगलेला असतो. २०२३ ठिपक्यांच्या रेघेने दाखवा.

मध्यवर्ष

महिनावार बघताच आहात तर एप्रिल ते जून वेगळे काढा. नागपूरच्या मे महिन्यात घरी एकट्याने राहणारं ऐंशीच्या घरातलं माणूस उन्हाने गेलं, तर कागदावर एक्स ३० (अति उष्णतेने मृत्यूचा कोड) क्वचितच येतो. तेव्हा त्या महिन्यांत आर ९६, आर ९८, आर ९९ चा उंचवटा येतो का ते पाहा. आला तरी ते उष्माघाताचे मृत्यू म्हणून मोजू नका, चौकशीची दिशा एवढंच म्हणा.

वऱ्हाडी_गणित

आता कल खरा का योगायोग, ते. लहान आकड्यावर उड्या मारू नका. एका वर्षी १०, दुसऱ्या वर्षी १६, लोकसंख्या सारखी : गुणोत्तर १.६. वाटते ६० टक्के वाढ. त्या गुणोत्तराच्या लॉगची प्रमाण त्रुटी म्हणजे १/१० अधिक १/१६ चं वर्गमूळ, ०.४०३. पंच्याण्णव टक्क्यांची सीमा ०.७३ ते ३.५३. मधी १ येऊन राहिला, म्हणजे काहीच सिद्ध नाही. झोनवार, लिंगवार, वयोगटवार फोड करून राहिले असाल तर हे प्रत्येक चौकटीत होईल. मनपाच्या दहा झोनची फोड तीन-तीन वर्षं एकत्र करूनच करा.

कलासाठी आर सॉफ्टवेअरमधी (कोड आर नव्हे, त्याचीच गफलत होते) क्वासी-पॉयसाँ प्रतिमान (मोजलेल्या संख्यांचं, जास्तीची विखुरणी धरणारं) लावा. एका ओळीत एक वर्ष, एक वयोगट, एक लिंग. उत्तरचल मृत्यूसंख्या, ऑफसेट (प्रतिमानात छेदाचं काम करणारं पद) लोकसंख्येचा लॉग, चल वर्ष, वयोगट, लिंग. ऑफसेट विसरले का दराचं नाही, नुसत्या संख्येचं प्रतिमान होते, आणि चूक दाखवणारा लाल संदेशही येत नाही. साधं पॉयसाँ नको, विखुरणी एकाहून जास्तच निघते आन् सीमा खोट्या अरुंद येतात. कोडिंगची पद्धत कधी बदलली हे कळलं असेल तर त्या वर्षी एक पायरी टाका, आधी ० नंतर १. सगळा चढ त्या पायरीतच गेला तर बदल कारकुनाच्या टेबलावर झाला, घाटावर नाही.

संत्रानगरी

शेवटचं : तक्त्याचं शीर्षक 'ज्येष्ठांमधील अज्ञात कारणांनी मृत्युदर' असं चालेल?

फॉर्म_चार

नको. वाचणाऱ्याला वाटतं की कोणता तरी गूढ आजार पसरलाय. 'मूळ कारण निश्चित न नोंदवलेल्या मृत्यूंचा वय-प्रमाणित दर, ६०+, नागपूर मनपा रहिवासी' असं द्या. तळटीपेत व्याख्येतले कोड, छेद कसा काढला, कोऱ्या पत्त्यांची संख्या आणि २०२० व २०२१ कल काढताना वगळली ही नोंद.