मदत हवी आहे : पेटंटची नोटीस आलीय, मशीन विकणं बंद करू का?

उद्यमनगरवाला:
१५ दिवसांत बंद करा नाहीतर कोर्ट, असं लिहिलंय. लवकर सांगा, शनिवारी दोन मशीन गडहिंग्लजला पोचवायची आहेत. ॲडव्हान्स घेतलाय.

खडीसाखर:
कसलं मशीन? नोटीस कोर्टाची की वकिलाची?

उद्यमनगरवाला:
उसाचे डोळे, म्हणजे लागणीसाठीचे कोंब, काढायचं, पायानं दाबायचं. वकिलाची.

रंकाळाकाठ:
फाडून टाक भावा. माझ्या मेव्हण्याला दोनदा आली, कोण फिरकलं नाही.

वकिलीणबाई:
मेव्हण्याचं राहू द्या. पेटंट मंजूर आहे की नुसता अर्ज? मंजुरीआधी दावा लावता येत नाही. मंजूर असलं तरी ते वैध आहेच असं कायदा धरून चालत नाही. दावा जिल्हा न्यायालयात लागतो, पण तुम्ही पेटंट रद्द करा म्हणून प्रतिदावा केलात की कलम १०४ प्रमाणे सगळंच हायकोर्टात जातं.

तांबडारस्सा:
आपल्या कोल्हापुरी चपलेचं पेटंट वेळेत घेतलं असतं तर इटलीवाल्यांची टाप होती का?

वकिलीणबाई:
चपलेला २०१९ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. तो कायदाच वेगळा.

जुनाखाटक्या:
कोर्ट कशाला? पेटंट ऑफिसात विरोध दाखल करा, स्वस्तात होतं.

वकिलीणबाई:
मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून वर्षाच्या आत असाल तरच. आणि विरोधही, प्रतिदावाही, असं एकालाच दोन्ही करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये ठरवलंय. उद्यमनगरवाले, क्लेम वाचलेत का, म्हणजे पेटंटमध्ये नेमका कशावर हक्क सांगितलाय ते? कोर्ट तुमचं मशीन त्यांच्या मशीनशी नाही, क्लेमशी ताडून बघतं.

उद्यमनगरवाला:
मंजूर आहे, २०२२ ला. अर्ज २०१९ चा. क्लेममध्ये पातं स्प्रिंगनं आपोआप वर येतं म्हटलंय. माझंही येतं की! पण मी २०१६ पासून विकतोय.

खडीसाखर:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं ओ!

वकिलीणबाई:
मग हाच तुमचा मुद्दा. अर्जाआधीच ते उघड वापरात असेल तर कलम ६४ खाली पेटंट रद्द होऊ शकतं, आणि १०७ प्रमाणे तोच बचावही चालतो. पुरावा काय आहे?

उद्यमनगरवाला:
बिल आहे. त्यावर ‘मशीन, १ नग’ एवढंच लिहिलंय.

वकिलीणबाई:
त्यात स्प्रिंग कुठं दिसतेय? जुना फोटो?

उद्यमनगरवाला:
कृषी प्रदर्शनातला एक आहे, तारखेसकट. पण मशीनपुढं मामा उभे आहेत.

रंकाळाकाठ:
मामांना साक्षीला घ्या.

वकिलीणबाई:
ते चेष्टेत म्हणाले, पण २०१६ चं गिऱ्हाईक खरंच शोधा. त्याच्याकडं ते मशीन अजून असेल तर आजच फोटो काढा, स्प्रिंगसकट.