शब्दचर्चा: ‘हवा खाणे’, ‘घसर’ आणि ‘ड्राइव्ह वर घेणे’

ओझार्ककर

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत मिसूरी राज्यात राहतो, लेक ऑफ द ओझार्क्सच्या काठी. 1931 साली पूर्ण झालेल्या बॅगनेल धरणामागचं हे पाणी, आणि उन्हाळ्यात इथे वेगवान बोटींची जत्राच असते. माझ्या शेजाऱ्याच्या बोटीचा ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद प्रॉपेलरपर्यंत नेणारा भाग, आम्ही मिळून बदलतो आहोत, वेग वाढवण्यासाठी. त्यावर आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहायला घेतला आणि शब्दांपाशी अडलो.

थोडी पार्श्वभूमी. बोट 28 फुटी, तळ खोल ‘व्ही’ आकाराचा. इंजिन बोटीच्या आत आणि ड्राइव्ह मागच्या फळीबाहेर. या रचनेला स्टर्न ड्राइव्ह म्हणतात. ड्राइव्ह मर्क्रूझर या ब्रँडचा ब्राव्हो वन, गिअर रेशो 1.50, म्हणजे इंजिनचे दीड फेरे झाले की प्रॉपेलरचा एक. खालच्या टोकाला गिअरचा लांबट गोळा, त्यामागे प्रॉपेलर.

पाण्यात बुडालेला हा गिअरचा गोळा आणि त्याच्या वरचा दांडा वेगात असताना जबर ओढ निर्माण करतात. म्हणून वेग हवा असेल तर प्रॉपेलरचा आस बोटीच्या तळाच्या मानाने वर घ्यायचा. तळाच्या सर्वांत खालच्या रेषेपासून प्रॉपेलरच्या आसापर्यंतचं हे उभं अंतर, त्याला इथे सगळे ‘एक्स डायमेन्शन’ म्हणतात. आम्ही ते असं मोजलं: बोट ट्रेलरवर, ड्राइव्ह सरळ, तळाच्या मधल्या रेषेला अ‍ॅल्युमिनियमची लांब पट्टी टेकवून मागे ड्राइव्हपर्यंत नेली आणि पट्टीपासून आसाच्या मध्यापर्यंत टेप लावला.

मला मराठी शब्द हवेत ते या अंतरासाठी, प्रॉपेलर कागदावरच्या हिशेबापेक्षा कमी पुढे जातो त्या ‘स्लिप’साठी, ड्राइव्ह मागे सरकवण्याच्या ‘सेटबॅक’साठी, आणि मुख्य म्हणजे कॅव्हिटेशन (प्रॉपेलरपाशी पाण्याचीच वाफ होणं) व व्हेंटिलेशन (वरची हवा प्रॉपेलरपर्यंत येणं) या जोडीसाठी. इंग्रजीत लिहिणारेही या दोन शब्दांची सर्रास सरमिसळ करतात. ती मराठीत येऊ नये असं मला फार वाटतं.

चिवला किनारा

दादा, मी मालवणचा. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावलेली, इंजिनं दुरुस्त करतो, पर्यटकांच्या स्पीडबोटींची आणि मासेमारीच्या होड्यांचीही. आमच्याकडे प्रॉपेलर कोणी म्हणत नाही, ‘पंखा’ म्हणतात. पात्याला ‘पातं’च. लेखात पंखा लिहा, कोकणातला माणूस लगेच ओळखेल.

व्हेंटिलेशनला आमचा शब्द तयार आहे: ‘पंखा हवा खातो’. वळण जोरात घेतलं, लाट आली किंवा इंजिन फळीवर उंच बसवलं की वरची हवा पंख्यापर्यंत ओढली जाते. आवाज एकदम चढतो, इंजिन मोकळं पळतं आणि बोट मात्र जागच्या जागी मंदावते. रेस कमी केली, पंख्याला परत पाणी मिळालं की बोट धरते. ‘पंख्यानं पाणी सोडलं’ आणि ‘पंख्यानं पाणी धरलं’ हेही आम्ही रोज बोलतो.

पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते तिला बरेच लोक कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. तिचं काम वरची हवा अडवायचं. म्हणजे ती हवा अडवणारी पट्टी, कॅव्हिटेशनशी तिचा संबंध नाही. तुमची सरमिसळ बहुतेक तिथूनच चालू होते.

नेनेबाई

मी पुण्यात भौतिकशास्त्र शिकवत असे. चिवल्याच्या भाऊंचं ‘हवा खाणे’ मला पूर्ण पटलं, कारण त्यात हवा कुठून येते हे शब्दातच आहे. कॅव्हिटेशनमध्ये बाहेरची हवा येतच नाही. पात्याच्या एका बाजूला दाब इतका उतरतो की पाणी साध्या तापमानालाच उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि जास्त दाबाच्या जागी पोचले की ते फुटून मिटतात. मिटताना बसणारा दणका धातू खातो.

या प्रकाराचा मोठा फटका ब्रिटिश इंजिनिअर चार्ल्स पार्सन्सला बसला होता. वाफेच्या टर्बाइनवर चालणारी त्याची बोट ‘टर्बिनिया’ 1894 च्या चाचण्यांत अपेक्षेइतकी पळेना. टर्बाइनचा एकच पंखा फार वेगाने फिरत होता आणि पाण्याऐवजी वाफेत फिरत होता. पार्सन्सने गरम पाण्याची छोटी टाकी बांधून, प्रकाशाच्या झोतांत बुडबुडे प्रत्यक्ष पाहिले. मग तीन आस, प्रत्येकावर तीन पंखे, असे नऊ पंखे लावले. 1897 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याच्या निमित्ताने इंग्लंडमध्ये स्पिटहेडला आरमाराचं संचलन होतं. तिथे टर्बिनिया सुमारे 34 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 63 किलोमीटर वेगाने पळाली. आरमाराची एकही बोट तिला गाठू शकली नाही.

म्हणून माझी सूचना: व्हेंटिलेशनला ‘हवा खाणे’, कॅव्हिटेशनला ‘वाफ धरणे’. कोशांतून ‘पोकळी निर्माण होणे’ असं काही मिळेल, पण पोकळी दोन्हींत होते. फरक पोकळीत काय भरलं आहे याचा आहे, आणि तो शब्दात यायला हवा.

ओझार्ककर

बाई, ‘वाफ धरणे’ फारच उपयोगी. आमच्या ड्राइव्हवर ती खूण स्पष्ट दिसते. गिअरच्या गोळ्याच्या मागच्या अंगाला, पंख्याच्या जरा पुढे, रंग उडून खरबरीत चट्टा पडलाय. हात फिरवला तर बारीक खड्डे लागतात. इथे त्याला ‘बर्न’ म्हणतात, पण उष्णतेने काही जळलेलं नसतं. ‘वाफेनं खाल्लेलं’ हे सरळ आणि खरं आहे.

नेनेबाई

आता ‘स्लिप’. मी ‘घसर’ सुचवते. ‘घसरण’ नको, बाजार आणि तापमान यांनी तो शब्द घेऊन टाकलाय.

28 पिचचा पंखा म्हणजे एका फेऱ्यात, घट्ट लाकडात स्क्रू शिरावा तसा, 28 इंच पुढे जाणारा पंखा. पाणी घट्ट नाही, म्हणून तो कमी जातो. जितका कमी, तितकी घसर. हिशेब असा की इंजिनचे मिनिटाचे फेरे भागिले गिअर रेशो, गुणिले पिच, भागिले 1056 (मिनिटाच्या इंचांचे ताशी मैल करणारा आकडा), म्हणजे ताशी मैलांत कागदावरचा वेग आला. समजा 5000 फेरे, रेशो 1.50, पिच 28: उत्तर 88.4 मैल. बोट प्रत्यक्षात 77.8 मैलांनी, म्हणजे सुमारे 125 किलोमीटरने पळाली, तर घसर 12 टक्के.

‘घसर’ हा शब्द ऐकून लोकांना तो दोष वाटेल, तर लेखात स्पष्ट लिहा की घसर शून्य कधीच नसते. पाणी मागे ढकललं नाही तर बोट पुढे जाणारच नाही.

ओझार्ककर

आणि इथेच गंमतशीर गोष्ट आहे. ड्राइव्ह वर घेतला की घसर थोडी वाढते, तरी वेगही वाढतो. बाईंच्याच उदाहरणात ड्राइव्ह दोन इंच, म्हणजे सुमारे 5 सेंटीमीटर वर घेतला असं धरा. ओढ कमी झाल्याने इंजिन 5150 फेऱ्यांपर्यंत चढलं आणि घसर 13 टक्के झाली, तरी बोट 79.2 मैलांवर जाते. हे आकडे फक्त समजण्यासाठी, पण प्रकार खरा असाच घडतो. नुसती घसर बघून ‘वाईट झालं’ म्हणणारे इथे पुष्कळ भेटतात.

वेसावकर

मुंबईहून. एक शंका. ‘ड्राइव्ह वर घेणे’ हा शब्दप्रयोग धोक्याचा वाटतो. बटण दाबून ट्रिमने, म्हणजे कोन बदलून, ड्राइव्ह वर करतात, तेही वर घेणंच. वाचक गोंधळेल.

चिवला किनारा

बरोबर आहे वेसावकरांचं. आमच्याकडे ट्रिमला ‘इंजिन उचलणे’ म्हणतात. किनाऱ्याला लागताना पोरगा ओरडतो, “इंजिन उचल!” तेव्हा त्यात कोन बदलतो. हे दुसरं काम बसवण्याचं आहे. ‘उंच बसवणे’ म्हणा. आणि त्या अंतराला ‘बसवणीची उंची’.

ओझार्ककर

‘उंच बसवणे’ पक्कं. ‘बसवणीची उंची’ थोडी लांब आहे, पण एक्स डायमेन्शनपेक्षा कितीतरी बोलकी. फक्त प्रत्येक वेळी ‘तळाच्या खाली इतके इंच’ असं जोडावं लागेल, कारण आस तळाच्या पातळीवर आला की ही उंची शून्य.

उंच बसवण्याचे तीन मार्ग आहेत, त्यांनाही नावं लागतील. पहिला, फळीचं भोक बुजवून नवं भोक वर पाडायचं. त्यात इंजिनही तितकंच वर घ्यावं लागतं, नाहीतर इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत येत नाहीत. फार कष्टाचं काम. दुसरा, ड्राइव्हचा खालचा भाग दोन इंचांनी आखूड असलेला आणायचा. इथे त्याला ‘शॉर्टी’ म्हणतात. आम्ही हाच घेतला. तिसरा, फळी आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये धातूची पेटी बसवून ड्राइव्ह मागे न्यायचा, तोच सेटबॅक. बोटीखालून सुटलेलं पाणी फळीमागे थोडं वर उसळतं, त्यामुळे मागे नेलेला ड्राइव्ह उंच बसवला तरी त्याला पाणी मिळतं.

नेनेबाई

शॉर्टीला ‘आखूड पाय’. सेटबॅकला ‘मागसर’ म्हणावंसं वाटलं होतं, पण ते ओढूनताणून होतं. ‘ड्राइव्ह सहा इंच मागे घेतला’ असं वाक्यच लिहा. प्रत्येक गोष्टीला नाम हवंच असं नाही, मराठी क्रियापदावर छान चालते.

वेसावकर

2017 च्या मार्चमध्ये मरीन ड्राइव्हला पी-वन पॉवरबोट शर्यती झाल्या होत्या. त्या बोटी 28 फुटी, 250 अश्वशक्तीच्या आउटबोर्डवाल्या आणि सगळ्या एकाच साच्याच्या. नियमच असा की कस चालवणाऱ्याचा लागावा. म्हणजे तिथे ओझार्ककरांच्या या खटाटोपाला जागा नव्हती. तेव्हापासून एक शब्द डोक्यात आहे: काही शर्यतींत बोटीत दोघं असतात, एक सुकाणू धरतो, दुसरा थ्रॉटल. या दुसऱ्याला काय म्हणायचं? आपण ‘रेस देणे’ म्हणतो, पण ‘रेसवाला’ म्हटलं तर शर्यतीतला असं वाटेल.

चिवला किनारा

‘रेस सांभाळणारा’. लाटेवरून बोट उडाली की पंखा हवेत मोकळा फिरतो. त्याआधीच रेस सोडायची आणि पाण्याला टेकल्यावर द्यायची. नाही सोडली तर पडताना गिअरचे दात जातात. त्याचं काम सांभाळायचंच आहे.

ओझार्ककर दादा, एक महत्त्वाचं विचारायचं राहिलं. दोन इंच वर घेतल्यावर ड्राइव्हच्या बाजूची पाण्याची भोकं हवा ओढायला लागतील. इंजिन थंड कोण करणार?

ओझार्ककर

त्यासाठी गोळ्याच्या नाकावर खालून पाणी घेणारी भोकं असलेला पाय घेतला आहे, आणि पाण्याच्या दाबाचं मीटर डॅशबोर्डवर. शिवाय बाहेरून दोन हायड्रॉलिक रॅमचं (तेलाच्या दाबावर सरकणाऱ्या दांड्यांचं) स्टिअरिंग. पंखा पृष्ठभागाजवळ आला की तो मागचा भाग आडवा ढकलू लागतो, ते हातावर पेलवत नाही.

आता शेवटचा पेच. हॉवर्ड आर्नेसनने काढलेल्या सरफेस ड्राइव्हमध्ये पंखा मुद्दाम अर्धा पाण्याबाहेर ठेवतात. वरून फिरून येणारं प्रत्येक पातं आपल्याबरोबर हवा आत नेतं, आणि कमी दाबाची जागा वाफेऐवजी हवेने भरते. हवा मऊपणे दबते, त्यामुळे धातू खाल्ला जात नाही. म्हणजे जिथे आमच्या बोटीत ‘हवा खाणे’ ही तक्रार आहे, तिथे ती रचनाच आहे. एकच शब्द दोन्हीकडे चालेल?

नेनेबाई

क्रियापद बदला. तक्रार असेल तिथे पंखा ‘हवा खातो’. रचना असेल तिथे पंख्याला ‘हवा दिली जाते’. घडणं आणि घडवणं यांतला फरक वाचकाला आपोआप कळेल.

ओझार्ककर

झकास. लेखातला परिच्छेद असा झालाय, बघा:

“आखूड पाय लावून ड्राइव्ह दोन इंच उंच बसवला. जुना चार पात्यांचा पंखा आता वळणावर हवा खाऊ लागेल, म्हणून पाच पात्यांचा, कडेला जास्त वळवलेला पंखा घेतला; तो पाणी धरून ठेवतो. घसर किती बदलली ते पाण्यात उतरल्यावर मोजू. पहिल्या फेरीत नजर पाण्याच्या दाबावर ठेवायची आणि ड्राइव्ह फार उचलायचा नाही.”

चिवला किनारा

एकच दुरुस्ती. ‘कडेला वळवलेला’ नको, आमच्याकडे ‘पात्याला ओठ काढलाय’ म्हणतात. पंखा घासायला देताना सांगतो ना, “ओठ मोडू नको रे.”

ओझार्ककर

‘ओठ’ घेतला.