बेब रूथची ती धाव खरोखरच मूर्खपणाची होती का? (१० ऑक्टोबर १९२६)

धागाकर्ता:
न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर १० ऑक्टोबर १९२६ रोजी बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकेतील विजेतेपदाच्या मालिकेचा, सातवा आणि निर्णायक सामना झाला. सेंट लुईस कार्डिनल्स यजमान यांकीजच्या ३-२ असे पुढे होते, नवव्या म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये (डावात) यांकीजचे दोघे बाद झाले होते (तिसरा बाद झाला की खेळ संपला) आणि त्यांचा बेब रूथ ‘वॉक’ (पिचरच्या चार चुकीच्या चेंडूंमुळे मिळणारा बेस) मिळून पहिल्या बेसवर उभा होता. बॉब म्यूझेल फलंदाजीला असताना रूथ अचानक दुसरा बेस चोरायला, म्हणजे फटक्याची वाट न पाहता तो गाठायला, धावला. कार्डिनल्सचा कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) बॉब ओफॅरेल याची फेक दुसऱ्या बेसवरच्या रॉजर्स हॉर्न्सबीच्या हातात आधीच पोहोचली आणि सामना, मालिका, सगळे तिथेच संपले. त्या धावेवर मूर्खपणाचा शिक्का बसला तो कायमचा. मला तो अन्यायकारक वाटतो. कार्डिनल्सचा ग्रोव्हर क्लीव्हलंड अलेक्झांडर सातव्या इनिंगमध्ये पिचिंगला (चेंडू टाकायला) आल्यापासून त्याने एकही हिट (बेस मिळवून देणारा फटका) दिली नव्हती. अशा पिचरविरुद्ध लागोपाठ दोन हिटची आशा धरण्यापेक्षा दुसरा बेस गाठावा, म्हणजे म्यूझेलच्या एका साध्या हिटवरही बरोबरी साधता येईल, हा विचार चुकीचा कसा म्हणायचा?

पहिला प्रतिसाद:
विचार चुकीचा नाही, पण तो कोणी आणि कोणासमोर करायचा हेही पाहिले पाहिजे. त्या हंगामात रूथ २० प्रयत्नांत ११ वेळाच बेस चोरू शकला होता, म्हणजे जवळपास निम्म्या वेळा तो बाद झाला होता. समोर होता ओफॅरेल, त्याच वर्षीचा नॅशनल लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू. शिवाय म्यूझेलनंतर लू गेरिग फलंदाजीला येणार होता. म्यूझेलने दोन बेसची हिट मारली असती तर रूथ पहिल्या बेसवरूनही घरी (होम प्लेटवर, जिथे धाव मिळते) पोहोचण्याची चांगली शक्यता होती आणि होमरन (फलंदाजासह बेसवरच्या सर्वांना घरी आणणारा फटका) बसला असता तर यांकीज जिंकलेच असते. या सगळ्या शक्यता त्याने एका धावेत संपवल्या.

दुसरा प्रतिसाद:
आपण दोघेही शेवटच्या क्षणातच अडकला आहात. सामना गेला तो चौथ्या इनिंगमध्ये. यांकीजचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) मार्क कोनिग याच्याकडून चेंडू निसटला, मग बेस भरलेले असताना म्यूझेलने हातात आलेला उंच झेल सोडला आणि पाठोपाठ कार्डिनल्सच्या टॉमी थेवेनाऊच्या हिटवर आणखी दोन धावा झाल्या. कार्डिनल्सच्या तिन्ही धावा यांकीजच्या चुकांतून आल्या. त्या दिवशी होमरन मारणारा एकमेव खेळाडू असलेल्या रूथवरच सगळे खापर फोडणे मला पटत नाही.

तिसरा प्रतिसाद:
पराभवाचा दोषी शोधताना विजयाचा शिल्पकार बाजूला पडतो आहे, याचे मला वाईट वाटते. सातव्या इनिंगमध्ये नकल बॉल (बोटांच्या टोकांनी धरून टाकलेला, हवेत डगमगणारा चेंडू) टाकून टाकून कार्डिनल्सचा पिचर जेसी हेन्स याच्या बोटाला फोड आला होता, यांकीजच्या खेळाडूंनी तिन्ही बेस भरले होते, दोघे बाद होते. तेव्हा हॉर्न्सबीने, जो संघाचा मॅनेजरही होता, ३९ वर्षांच्या अलेक्झांडरला बोलावले, ज्याने आदल्याच दिवशी सहावा सामना पूर्ण टाकून जिंकला होता. यांकीजच्या नवख्या टोनी लॅझेरीने एक चेंडू डाव्या बाजूला लांबवर भिरकावला, पण तो रेषेबाहेर गेला, फाउल ठरला. काही फुटांचाच फरक, आणि त्यानंतर लॅझेरी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकनंतर बाद) झाला. एपिलेप्सी आणि दारू यांच्याशी झगडणाऱ्या माणसाने ते दडपण पेलले, हे मला रूथच्या धावेपेक्षा कितीतरी मोठे वाटते.

धागाकर्ता:
अलेक्झांडरबद्दल मतभेद नाहीत. उलट माझा मुद्दा त्याच्यावरच उभा आहे. २० पैकी ११ हा आकडा मात्र मला आधीच लक्षात घ्यायला हवा होता. तरीही, एवढ्या यशाच्या शक्यतेवर दुसऱ्या बेसवरचा रूथ मिळत असेल, तर त्या दिवशीच्या अलेक्झांडरसमोर मी हा धोका पत्करला असता.

पहिला प्रतिसाद:
आणि मी गेरिगची पाळी येण्याची वाट पाहिली असती.