मदत हवी आहे: नोकिया ६६०० मधले एमएमएस आणि फोटो बाहेर कसे काढू?

मुलुंडचा_पाऊस

नमस्कार मंडळी,

माळा आवरताना माझा नोकिया ६६०० सापडला. तोच, ज्याला सगळे डबा म्हणायचे. २००४ च्या दिवाळीत बोनसमधून घेतला होता. कोपऱ्यावरच्या दुकानात बीएल-५सी बॅटरी मिळाली (रेडिओला अजून तीच लागते म्हणे), जाड पिनेचा चार्जर शेजारच्या काकूंकडे निघाला, आणि फोन चक्क चालू झाला. जुनी बंद पडलेली सिम आत होतीच. तारीख-वेळ विचारली, ती भरली.

आता अडचण. २६ जुलै २००५ ला मी साकीनाक्याच्या ऑफिसातून मुलुंडला चालत आलो. फोन भिजू नये म्हणून जेवणाच्या डब्यात घातला होता (डब्यात डबा). असल्फ्याच्या चढावर जरा कोरड्यात आल्यावर फोटो काढले, दोन व्हिडिओ घेतले आणि बायकोला आवाज रेकॉर्ड करून एमएमएस (फोटो-आवाज पाठवायचा मेसेज) केला. तो कधी गेलाच नाही, त्या दिवशी नेटवर्क कुठलं असायला! पुढे महिनाभर तो आउटबॉक्समध्ये दिसत होता, हे मला पक्कं आठवतं.

आज इनबॉक्स, आउटबॉक्स, सगळं रिकामं. मेमरी कार्ड आधी काढून लॅपटॉपच्या रीडरमध्ये घातलं, तर तो वाचत नाही, वर फॉरमॅट करू का विचारतो. कार्ड परत फोनमध्ये घातल्यावर फोटो दिसतात, मेसेज नाहीत. पीसी सूटची (फोन कॉम्प्युटरला जोडायच्या नोकियाच्या प्रोग्रॅमची) सीडी आहे, पण लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा. आगाऊ आभार.

जुगाडू

स्टार हॅश ७३७० हॅश मारा. माझा असाच अडकला होता, एकदम नव्यासारखा झाला.

वायरमन

अहो, थांबा! जुगाडूंचं अजिबात ऐकू नका. त्या कोडने फोनची मेमरी पुसली जाते. "नव्यासारखा" म्हणजे त्यात काही न उरलेला. आणि लॅपटॉपला फॉरमॅटला हो म्हणू नका.

मला वाटतं, तुमच्या कार्डाला पासवर्ड आहे. हे एमएमसी कार्ड. यात कुलूप कार्डातच बसतं, फोनमध्ये नाही, म्हणून रीडरला ते उघडत नाही. फोनला मात्र पासवर्ड माहीत असतो. तो एमएमसीस्टोअर नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवलेला असतो, म्हणून त्याच फोनमध्ये कार्ड घातलं की काही न विचारता उघडतं. रीसेट मारला असतात तर ती फाइलही गेली असती. मेमरी कार्डाच्या मेनूत जाऊन ऑप्शन्समध्ये पासवर्ड काढायची सोय दिसते का बघा.

शेवग्याची_शेंग

मेसेज गेलेले नाहीत, लपलेत. माझ्या ताईच्या फोनला अगदी हेच झालं होतं. कार्डाशिवाय फोन चालू केला की मेसेज ठेवायची जागा गुपचूप फोन मेमरी होते. मग कार्ड परत घातलं तरी तो फोन मेमरीतलाच इनबॉक्स दाखवत राहतो. मेसेजिंग, सेटिंग्ज, अदर, मेमरी इन यूज. तिथे मेमरी कार्ड करा.

मुलुंडचा_पाऊस

शेंगताई, तुमच्या तोंडात साखर पडो! सगळे मेसेज आले. आउटबॉक्समध्ये तोही आहे, "फेल्ड" असं लिहून. पण उघडून आवाज वेगळा काढता येत नाहीये.

वायरमन, पासवर्ड काढायची सोय आहे, पण आधी जुना पासवर्ड विचारते. तो आठवत नाही.

वायरमन

त्या काळात सगळीकडे काय घालायचात? आठ अक्षरांपर्यंतच चालतो, म्हणजे फार लांबचा नसणार. अगदीच नाही आठवला तर एफएक्सप्लोररसारखा फाइल मॅनेजर ब्लूटूथने टाकून एमएमसीस्टोअर वाचता येते. पण आधी डोकं खाजवा.

अनुस्वार

अवांतर: जुनी बॅटरी अजून जवळ असेल तर तिच्यावर फोन चार्जिंगला लावून झोपू नका. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या बदलून द्यायची तयारी दाखवली होती, चार्ज करताना तापतात म्हणून. आमच्याकडे तेव्हा सगळे मागचं झाकण उघडून नंबर बघत बसले होते.

मुलुंडचा_पाऊस

स्कूटरचा नंबर! चार आकडे. लॅपटॉपने कार्ड वाचलं. इमेजेस, व्हिडिओज, साउंड्स असे फोल्डर आहेत. एमएमएस मात्र कुठेच नाही.

वायरमन

आहे. आधी अख्खं कार्ड लॅपटॉपवर कॉपी करा, मग त्या कॉपीतच उचकापाचक करा. सिस्टिम फोल्डर, त्यात मेल. आत आकडे-अक्षरांच्या विचित्र नावांचे फोल्डर दिसतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. सरळ शोधपट्टीत एएमआर टाका, आवाज त्यात असतो. फोटोंसाठी जेपीजी, व्हिडिओंसाठी ३जीपी. व्हीएलसीत सगळं वाजतं.

आलेल्या एमएमएससाठी आणखी सोपं: मेसेज उघडा, ऑप्शन्स, ऑब्जेक्ट्स, सेव्ह. मग गॅलरीतून ब्लूटूथने आताच्या अँड्रॉइडवर जातं. आयफोन मात्र अशी फाइल घेत नाही.

मुलुंडचा_पाऊस

करतो. मधल्या वेळात अजून एक: सांगलीच्या चुलतभावाने त्याच वर्षीच्या कृष्णेच्या पुराचे फोटो पाठवले होते, ते टपाल तिकिटाएवढे का दिसतात? माझे स्वतःचे ६४० बाय ४८० आहेत. आणि त्याचे दोन मेसेज उघडतच नाहीत.

शेवग्याची_शेंग

त्याच्या फोनमध्ये एमएमएसच्या सेटिंगला इमेज साइज "स्मॉल" असणार, म्हणजे १६० बाय १२०. पाठवतानाच फोटो लहान होतो. ६६०० ला एका एमएमएसला १०० केबीच्या आतच बसवावं लागायचं, म्हणून पुष्कळ जण तसंच ठेवायचे. मोठा फोटो मिळाला तर त्यांच्याच जुन्या फोनमध्ये. विचारून बघा.

न उघडणारे दोन म्हणजे नुसत्या चिठ्ठ्या. एमएमएस थेट फोनवर येत नाही. कंपनीच्या सर्व्हरवर थांबतो, आधी एक छोटा निरोप येतो आणि मग फोन जीपीआरएसने, म्हणजे तेव्हाच्या मोबाइल इंटरनेटने, तो उतरवून घेतो. तुम्ही तेव्हा उतरवले नसणार. सर्व्हरवरून कधीच पुसले गेले. ते सोडा.

मुलुंडचा_पाऊस

मिळाला!! १४ सेकंद. त्यातले दहा नुसता पाऊस. मग माझा आवाज: "कुकर लावू नकोस, मला उशीर होईल."

घरी ऐकवला. बायको म्हणाली, लावला होता, भात वाया गेला.

वायरमन, शेंगताई, दोघांचे मनापासून आभार. काकूंचा चार्जर आज परत करतो.

बोरिवली_फास्ट

धाग्याला नमस्कार. माझ्याकडे ३६५० आहे, तो गोल आकड्यांचा. त्यालाही हेच चालेल का?

वायरमन

कार्डाच्या कुलपाचं तेच. फक्त त्या गोल कीपॅडवर पासवर्ड टाकताना चष्मा लावून बसा.