घोडेस्वार आणि रणगाडे

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला पोलिश घोडेस्वार तलवारी उपसून जर्मन रणगाड्यांवर धावले, असं कुणी ना कुणी लिहितं. दंतकथा हो ती! १ सप्टेंबर १९३९ ला पोलंडमधल्या क्रोयांती गावाजवळ त्यांनी हल्ला चढवला तो जर्मन पायदळावर. मग चिलखती गाड्यांच्या मशीनगन्सनी त्यांना टिपलं. पण पोलिश दिग्दर्शक आंद्रेय वायदाच्या 'लोत्ना' या चित्रपटात (१९५९) एक स्वार रणगाड्याच्या नळीवर तलवार हाणतो, ते दृश्य डोक्यातून जात नाही. मला जास्त हलवलं ते वायदाच्याच 'कातिन' या चित्रपटाच्या सुरुवातीनं. १७ सप्टेंबर १९३९, म्हणजे रशियनही पूर्वेकडून पोलंडमध्ये घुसले तो दिवस, आणि एक पूल. जर्मनांपासून पळणारे इकडून, रशियनांपासून पळणारे तिकडून, मधोमध नुसती रेटारेटी. (पुढे कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत आले ते बहुतेक पोलिश निर्वासित रशियनांनीच हद्दपार केलेले.)