मदत हवी आहे: शाकाहारी आई-बाबा जानेवारीत कोरियात येताहेत, टपरीवरचं काय खाऊ घालू?

नमस्कार मंडळी,

मी दक्षिण कोरियात देजॉनला राहते. जानेवारीत आई-बाबा कराडहून पहिल्यांदाच इकडे येत आहेत. दोघंही शाकाहारी. बाबांना अंडं चालतं, आईला तेही नाही, शिवाय ती एकादशी धरते. घरी वरण-भात, भाजी-पोळी होईलच, त्याची चिंता नाही. पण इथला हिवाळा खरा कळतो तो रस्त्यावर. उणे पाच-सात अंशांत माणसं टपरीभोवती कोंडाळं करून गरम खात उभी असतात. त्या कोंडाळ्यात माझ्या आई-बाबांनीही उभं राहावं, अशी माझी फार इच्छा आहे. त्यांना नुसतं लांबून दाखवून घरी आणायचं नाही.

मला ठाऊक आहे ते असं: ऑमुक म्हणजे माशाच्या वड्या, त्यामुळे त्या बाद. कागदी पेल्यात मिळणारं त्याचं गरम पाणीही बाद. सुंदे (भरलेलं आतडं) रक्ताचं असतं, त्याचा विचारच नको. बुंगॉप्पांग मात्र आईला द्यायची फार इच्छा आहे. आकार माशाचा असला तरी आत लाल अझुकी कडधान्याचं गोड सारण असतं, चवीला पुरणाच्या जवळचं. अडचण वरच्या पिठाची आहे, त्यात अंडं असतं का? होत्तॉकच्या (आत सारण भरलेल्या तळलेल्या पोळीच्या) पिठात? तॉकबोक्की (तिखट रश्शातले तांदळाच्या पिठाचे तुकडे) मासे वगळून कुठे मिळते का? आणि एकादशीला बाहेर पडलो तर आईने काय खावं? सोल किंवा बुसानला एखादी फेरी करायचीही तयारी आहे. अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगा.

– कृष्णाकाठ

*

सुवॉनकर:

ताई, एकादशीचा प्रश्न सगळ्यात सोपा आहे. गुनगोगुमा, म्हणजे भाजलेलं रताळं. पिंपासारख्या लोखंडी भट्टीत सालासकट भाजतात. तेल नाही, मीठ नाही, दुसरं काही लावत नाहीत. 'होबाक गोगुमा' जातीचं मागा, आतून गर्द पिवळं आणि इतकं मऊ असतं की चमच्याने खावं लागतं. भट्टीवाले आता कमी झालेत, पण अनेक कन्व्हीनियन्स स्टोअरमध्ये हिवाळ्यात गल्ल्याजवळच रताळी भाजायला ठेवलेली असतात. भाजलेले चेस्टनट (गुनबाम) पण मिळतात. ते उपासाला चालवायचे की नाही, हे तुमच्या आईंनीच ठरवावं.

बुंगॉप्पांगबद्दल: बहुतेक टपऱ्यांवर कारखान्यातून आलेलं तयार पीठ वापरतात. कुठे त्यात दूध, कुठे अंड्याची पूड. सगळीकडचं सारखं नसतं, म्हणून त्या त्या टपरीवर 'ग्येरान दुरॉगायो?' (अंडं घातलंय का?) असं विचारायचं. पिठाची पिशवी शेजारीच ठेवलेली असते, बऱ्याच आजीबाई ती उचलून हातात देतात. 'शू क्रीम' भरलेला प्रकार आईंना देऊ नका, त्या कस्टर्डमध्ये अंडं असतंच. अझुकीचा हवा असेल तर 'पात' म्हणा.

ग्येरानप्पांगमध्ये वर अख्खं अंडं फोडलेलं असतं. बाबांना द्या, फार आवडेल.

*

नाम्पोची_वाट:

होत्तॉकसाठी बुसानला याच. देजॉनहून केटीएक्स या वेगवान रेल्वेने पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. नाम्पो स्टेशनजवळच्या बिफ चौकात (नाव चित्रपट महोत्सवावरून पडलंय) सिआत होत्तॉकच्या गाड्या असतात. यीस्ट घालून फुगवलेल्या मैद्याच्या गोळ्यात साखर-दालचिनी भरून भरपूर तेलात तळतात, मग कात्रीने पोट उघडून आत सूर्यफुलाच्या, भोपळ्याच्या बिया आणि दाणे कोंबतात. पिठात सहसा अंडं नसतं, तरी विचारा.

एक काळजी घ्या. आतली साखर वितळून पाक झालेली असते आणि तो जीभ पोळवतो. पेल्यात देतात तो तसाच दोन मिनिटं हातात धरू द्या, नाहीतरी बोटं गारठलेली असतात. दातांचा त्रास असेल तर बिया नसलेला साधा होत्तॉक बरा.

या पदार्थाची हकीकत बाबांना सांगा. १८८२ च्या सैनिकी बंडानंतर चिनी फौजांबरोबर चिनी व्यापारी कोरियात आले, त्यांच्यातल्या काहींनी इथे राहून हे भरलेलं पक्वान्न विकायला सुरुवात केली. गोड सारण कोरियन लोकांच्या आवडीने आलं, असं सांगतात.

सोलला गेलात तर नामदेमुन बाजारात 'याचे होत्तॉक' आहे, म्हणजे आत भाज्या आणि काचेसारख्या शेवया. तिखट-खारं खाणाऱ्यांना तो गोडापेक्षा जास्त रुचतो. मात्र वरून सोया सॉस फासतात, त्यात काय काय आहे ते विचारून घ्या.

*

कृष्णाकाठ:

दोघांचेही मनापासून आभार! रताळ्याचं डोक्यातच आलं नव्हतं. आईला आजच फोनवर सांगते. 'याचे' म्हणजे भाजी ना? मग दुकानातला 'याचे होप्पांग' (वाफवलेला भरलेला पाव) चालेल का? काचेच्या पेटीत वाफेवर ठेवलेले असतात ते.

*

सुवॉनकर:

नाही नाही, तो घेऊ नका! याचे होप्पांगच्या सारणात भाजीबरोबर डुकराचं मांस असतं. होप्पांग घ्यायचा तर पातचाच. सामनिप कंपनीने १९७१ मध्ये तो बाजारात आणला तेव्हापासून तेच मूळ सारण आहे.

पाकीटबंद वस्तूंवर ॲलर्जीची वेगळी चौकट असते. फोनचा कॅमेरा धरला की भाषांतर होतं. अंडं, दूध, डुक्कर, कोंबडी, गोमांस, कोळंबी, खेकडा, शिंपले हे त्यात लिहावंच लागतं. पण माशांपैकी त्या यादीत फक्त मॅकरेल आहे. इथल्या रश्शात सर्रास पडणारी म्यॉल्ची, म्हणजे सुकवलेली बारीक मासळी, त्या यादीत येत नाही. म्हणून चौकट पाहून थांबू नका, वरची घटकांची पूर्ण यादी वाचा.

*

मीठभाकर:

तॉकबोक्कीबद्दल लिहिते, कारण मी स्वतः शाकाहारी आहे आणि सोलमध्ये बरीच वर्षं राहते. टपरीवरची सोडून द्या. रस्सा म्यॉल्चीचा असतो आणि ऑमुकचे तुकडे त्यातच शिजत असतात. ते बाजूला काढून काही उपयोग नाही. 'मांस खात नाही' एवढं सांगितलंत तर टपरीवाल्या काकू मासे चालतात असं धरून प्रेमाने वाढतील. माशांचं वेगळं सांगावं लागतं.

त्याऐवजी घरी करा. सुपरमार्केटात तांदळाचे तॉक मिळतात. दाशिमा (समुद्री शेवाळाची पट्टी) आणि मुळा पाण्यात उकळून रस्सा काढा, दाशिमा दहा मिनिटांत बाहेर काढा नाहीतर कडवटपणा आणि चिकटपणा येतो. मग गोचुजांग (आंबवलेल्या मिरचीचं वाटण), थोडी लाल मिरचीपूड, साखर, सोया सॉस. पातीचा कांदा आणि कोबी सढळ हाताने. आई-बाबांना तिखटाचं काही वाटणार नाही, गोडसरपणा मात्र जाणवेल, तेव्हा साखर अर्धी करा.

सोलच्या ग्वांगजांग बाजारातलं बिंदेत्तॉक (मुगाचं धिरडं) पाहून मोह होईल. भिजवलेले मूग डोळ्यांसमोर जात्यावर वाटतात, दृश्य सुंदर असतं. बाबांना ते जरूर दाखवा, पण खायला देऊ नका. पिठात बऱ्याचदा किमची (आंबवलेला कोबी) असते, किमचीत खारवलेली कोळंबी, आणि अनेक ठिकाणी डुकराचं मांसही.

आईंना वासाचा त्रास होत असेल तर नुसत्या बुंगॉप्पांगची गाडी शोधा. पुष्कळ गाड्यांवर शेजारी ऑमुकचं पातेलं उकळत असतं.

*

नाम्पोची_वाट:

मीठभाकर यांच्याशी सहमत. आणखी एक: हजार वॉनच्या नोटा खिशात ठेवा. टपऱ्यांवर बँक खात्याचा क्रमांक लावलेला असतो, इथले लोक फोनवरून पैसे पाठवतात. तुमचं इथे खातं असेल, पण आई-बाबा दोघंच फिरायला निघाले तर रोखच लागेल. बुंगॉप्पांग हजारात दोन मिळाले तर भाव बरा समजा, सोलच्या गजबजलेल्या भागात एकच मिळतो. आणि दुपारी चारनंतर निघा, सकाळी बऱ्याच गाड्या बंद असतात.

*

कृष्णाकाठ:

हे सगळं वहीत उतरवून घेतलं. बुसानचं तिकीट काढते आणि दाशिमा आजच आणते. देजॉन स्टेशनाजवळच्या जुंगआंग बाजारात बिनअंड्याच्या पिठाची बुंगॉप्पांगची गाडी कुणाला माहीत असेल तर कृपया नक्की कुठल्या दाराजवळ ते लिहा. आईला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही.