मदत हवी आहे: फ्लॅकवरून फोनसाठी एमपी३ करू की ओपस?

नमस्कार मंडळी,

माझ्या सगळ्या सीडी मी फ्लॅक या फाइल-प्रकारात उतरवून ठेवल्या आहेत. सीडीचा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट घेतो, फ्लॅकमध्ये तो साधारण निम्म्या जागेत मावतो आणि एकही बिट हरवत नाही. पण फोनमध्ये तेवढीही जागा नाही, म्हणून वेगळी लहान प्रत करायची आहे.

१२८ किलोबिटचं एमपी३ करून पाहिलं. गायकाचा आवाज ठीक वाटतो, पण झांजा आणि टाळ्यांचा कडकडाट पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येतो. शांततेनंतर ठोका पडतो तेव्हा त्याच्या अगदी आधी बारीक खरखर येते, ठोक्याची धारच जाते. हेडफोनवर एकदा लक्षात आलं की कान तिथेच जातो! ३२० ला हे जाणवत नाही, पण फाइल अडीचपट होते. ओपस (एमपी३सारखाच, पण नवा फाइल-प्रकार) १२८ ला पुरेल का? काही अल्बम माझ्याकडे फक्त ३२० च्या एमपी३मध्ये आहेत, त्यांचंही ओपस करू का?

प्रतिसाद १:
ती खरखर म्हणजे प्री-एको. एमपी३ आवाजाचे छोटे तुकडे पाडतं आणि कानाला कळणार नाही तिथे बिट वाचवतं. त्यातून जो गोंगाट तयार होतो तो अख्ख्या तुकड्यावर पसरतो. ठोका तुकड्याच्या शेवटाकडे असला की गोंगाट त्याच्या आधीच ऐकू येतो. एन्कोडर (एमपी३ बनवणारा प्रोग्राम) अशा जागी आखूड तुकडे वापरतो, पण १२८ ला बिटच पुरत नाहीत. ओपस (२०१२ चं मानक) याच दरात बरंच सरस आहे. तुमचे कान तिखट दिसतात, १६० ठेवा. जुन्या कार प्लेअरवर वाजवायचं असेल तरच एमपी३, आणि तेही लेम या एन्कोडरच्या व्ही२ या दर्जाच्या सेटिंगवर.

प्रतिसाद २:
३२० च्या एमपी३ना कृपया हात लावू नका. त्यातून गेलेलं परत येत नाही आणि ओपस करताना आणखी जाईल. फ्लॅक केलं तर नुसती जागा वाढेल. ब्लूटूथ हेडफोन असेल तर फोन तो आवाज आणखी एकदा दाबून पाठवतो, म्हणून तुलना वायरच्या हेडफोनवरच करा.

मूळ लेखक:
धन्यवाद! मग १२८ आणि १६० मध्ये निवड कशी करू?

प्रतिसाद १:
फूबार२००० या कॉम्प्युटरवरच्या प्लेअरमध्ये एबीएक्स चाचणी लावा. कुठली फाइल वाजतेय ते दिसत नाही, म्हणून मनाची समजूत आड येत नाही. टाळ्यांचाच तुकडा घ्या. १६ पैकी १२ वेळा ओळखता आलं तर १६०, नाहीतर १२८ बिनधास्त.